पुनर्विवाह : होय / नाही (उत्तरवयातल्या एका लग्नाचा प्रकरण अभ्यास)

नोव्हेंबर उजाडला की आमच्या नाशिकरोडच्या ज्येष्ठ नागरिक संघात हयातीच्या दाखल्यांची गडबड सुरू होते. टपाल खात्याचा एक तरुण मुलगा बोटांचे ठसे घेणारं यंत्र घेऊन येतो, समोर बाकांवर पेन्शनर बसतात आणि मी शेजारच्या टेबलावर आधार, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, मोबाइल असं सगळं तपासून एकेकाला पुढे पाठवतो. बँकेत 36 वर्षं काढली. रांग आणि फॉर्म दिसले नाहीत तर मला करमत नाही, असं घरचे म्हणतात. म्हणोत.

2022 च्या नोव्हेंबरात त्या रांगेत एक बाई होत्या. यंत्र त्यांचं बोट काही वाचेना. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग एकेक बोट. 30 वर्षं बालवाडीत शिकवलेलं, सकाळ-संध्याकाळ लोकांना पोळ्या करून दिलेल्या. बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. मागे उभ्या असलेल्या अण्णांनी खिशातून व्हॅसलीनची छोटी डबी काढली. "थोडं लावा, पुसून टाका, आणि दाबू नका. नुसतं टेकवा." यंत्र एकदाचं वाजलं. मग त्या मुलाने पुढचा रकाना मोठ्याने वाचला : "पुनर्विवाह केला आहे का?" हयातीच्या दाखल्यात हा प्रश्न असतोच. मागून कुणीतरी म्हणालं, "आता या वयात कसला!" सगळे हसले. बाईही जराशा हसल्या आणि म्हणाल्या, "नाही."

15 महिन्यांनी त्याच दोघांच्या लग्नाच्या नोंदीवर मी साक्षीदार म्हणून सही केली.

हे प्रकरण लिहून काढायचं कारण असं, की दर दोन-तीन महिन्यांनी संघातलं कुणीतरी मला जिन्यात गाठतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "ते अण्णांचं कसं काय जमवलंत?" प्रत्येकाला निम्मंच सांगून होतं. म्हणून एकदा सगळं मांडतो, दोघांना विचारून. नावं घालत नाही. ते अण्णा, त्या बाई. आम्ही सगळे त्यांना असंच म्हणतो.

सुपारी

अण्णा रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण अण्णा स्वतःला गार्डच म्हणवतात. भुसावळ मंडळात नोकरी झाली, निवृत्त झाल्यावर जेल रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, तोही पत्नीच्या आणि स्वतःच्या नावावर मिळून. पत्नी 2019 मध्ये गेल्या. मुलगा बंगळुरूला, मुलगी कल्याणला.

2022 मध्ये अण्णांना 70 पूर्ण झाली. मुलीने हौसेने सत्तरीची शांत करायचं ठरवलं. भीमरथी शांत, होम, 40 पानं, पुरणपोळी, सगळं यथासांग. यजमान एकटा असला की धर्मकार्यात कमरेला सुपारी लावून बसवतात. पत्नीच्या जागी ती सुपारी. अण्णाही तसेच बसले. पुढे वर्षभराने त्यांनी मला सांगितलं, "संध्याकाळी सगळे गेले. सोवळं सोडताना सुपारी हातात आली. ती कुठे ठेवायची तेच कळेना. देव्हाऱ्यात ठेवावी तर देव नाही, डब्यात टाकावी तर खायची नाही. रात्रभर उशाशी ठेवली."

मी काही मानसतज्ज्ञ नाही. पण म्हातारपणीच्या एकटेपणावर संघात जेवढी व्याख्यानं ऐकली, त्या सगळ्यांपेक्षा ती सुपारी मला जास्त कळली.

बाई नाशिकच्याच सिडको भागात राहायच्या, दीड खोलीच्या घरात. यजमान सातपूरला एका कारखान्यात होते; त्यांना जाऊन 11 वर्षं झाली होती. एकुलता मुलगा चाकणला नोकरीला. त्या रांगेनंतर दोघांचं कसं जमत गेलं ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलंही नाही. एवढं मात्र दिसलं, की गुरुवारच्या भजनातून आरतीआधी निघून जाणारे अण्णा प्रसादापर्यंत थांबू लागले. 2023 च्या जूनमध्ये ते प्लॅस्टिकची फाइल घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "लग्नाचा फॉर्म कुठला असतो हो?"

मुलं

अशा गोष्टीत मुलं खलनायक ठरवायची आपल्याकडे रीत आहे. या प्रकरणात तसं काही नव्हतं. अण्णांच्या मुलाने फोनवर आधी अभिनंदन केलं, अगदी मनापासून. दुसऱ्या दिवशी त्याचा मला वेगळा फोन आला. "काका, आमची हरकत नाही. फक्त लग्नाआधी फ्लॅट आमच्या दोघांच्या नावावर करून घ्यावा असं वाटतं. बक्षीसपत्राला खर्च फारसा येत नाही म्हणे."

खरं आहे. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये. वर इतर आकार. इतकं स्वस्त असल्यामुळेच पुष्कळ म्हातारे ते करून बसतात आणि मग पस्तावतात. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात असं बक्षीस रद्द करून घेण्याची सोय आहे. पण मूल सांभाळ करेल ही अट दस्तात घातलेली नसेल, तर हेलपाटे सुरू होतात. मी अण्णांना सरळ सांगितलं : हयातीत घर कुणालाही देऊ नका. मुलाला नको, मुलीला नको आणि बाईंनाही नको.

मग मुलाने दुसरा पर्याय काढला, तो मात्र अनपेक्षित होता. "लग्न कशाला? दोघांनी एकत्र राहावं. पुण्यात ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळसुद्धा आहे." कागदाच्या दृष्टीने यात खोट काढायला जागा नव्हती. बाईंची पेन्शन चालू राहते, वारसा जिथल्या तिथे राहतो, कुणाचं काही बिघडत नाही. अण्णा डळमळलेसुद्धा. बाई संघाच्या ऑफिसात माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या, "बालवाडीत काही मुलं नुसती येऊन बसायची. वय भरलेलं नसायचं, म्हणून हजेरीपटावर नाव नसायचं. खाऊ मिळायचा, गाणी म्हणायला मिळायची. पण हजेरी घेताना ती मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला तसं बसायचं नाही."

विषय तिथेच संपला.

बाईंच्या बाजूने विरोध केला तो दिराने. त्यांचं म्हणणं, लग्न केलंस तर भावाचं घर सोडावं लागेल. बाई घाबरून माझ्याकडे आल्या होत्या. दिराचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं, फक्त काही दशकं शिळं होतं. 1856 च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण त्याच्याच दुसऱ्या कलमात म्हटलं होतं, की विधवेने पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपेल, जणू ती त्याच वेळी मेली. महर्षी कर्व्यांनी 1893 मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हाही हेच कलम लागू होतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने चित्र बदललं. वारशाने एकदा मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा, नंतर लग्न केलं तरी जात नाही. 1983 मध्ये तो जुना कायदाच रद्द झाला. पण घराघरातल्या समजुतीत तो अजून चालू आहे. मी बाईंना म्हटलं, "दिरांना सांगा, अर्धं घर तुमचं, अर्धं मुलाचं. दिरांचं त्यात काही नाही."

घराचा हिशेब

अण्णांच्या मुलांच्या मनात एकच वाक्य होतं : "अर्धं घर जाईल." मी एका रविवारी कागद घेऊन हिशेब मांडला आणि तो मुलाला व्हॉट्सअॅपवर पाठवला.

फ्लॅट समजा 60 लाखांचा. दोघांच्या नावावर, म्हणजे 30 लाख अण्णांचे, 30 लाख आईचे. आई मृत्युपत्र न करता गेली. बाईमाणूस गेली की हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तिचे पहिले वारस नवरा, मुलगा आणि मुलगी, तिघांना सारखं. म्हणजे आईच्या हिश्शातले 10-10-10. सोसायटीत अण्णांचं नाव नॉमिनी म्हणून लागलं होतं आणि घरातले सगळे समजत होते की आता घर पूर्ण अण्णांचं. नॉमिनी हा मालक नसतो. तो वारसांसाठी सांभाळणारा. हे वाक्य मी 36 वर्षं काउंटरवर सांगत आलोय. तेव्हा अण्णांचे 40 लाख आणि मुलांचे प्रत्येकी 10 लाख, आजच, लग्न होवो न होवो.

आता अण्णांनी लग्न केलं आणि मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या 40 चे तीन भाग : बाई, मुलगा, मुलगी. बाईंच्या वाट्याला 13 लाख 33 हजार. साठातले. अर्धं तर सोडाच, चौथा हिस्साही नाही.

मुलाचं उत्तर आलं, "अच्छा." बराच वेळ काही नाही. मग, "काका, म्हणजे माझेही 10 आहेत?" हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आई गेल्यावर चार वर्षांनी.

हाच हिशेब उलटाही आहे, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. बाई मृत्युपत्र न करता गेल्या तर त्यांच्या सिडकोतल्या अर्ध्या घराचे वारस दोन : मुलगा आणि नवा नवरा. म्हणजे अण्णांना त्या दीड खोलीचा चौथा हिस्सा. चाकणचा मुलगा काही बोलला नव्हता, पण बोलला असता तर त्याचीही काळजी तेवढीच खरी होती. नवऱ्याच्या मुलांनी विचारलं तर तो व्यवहार आणि बायकोच्या मुलाने विचारलं तर हावरेपणा, हे बरोबर नाही.

कुणीतरी सुचवलं, की बाईंकडून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर "मला काही नको" असं लिहून घ्या. असले कागद गावोगावी लिहिले जातात. अजून न मिळालेल्या वारशाचा हक्क आगाऊ देता किंवा विकता येत नाही, त्यामुळे नुसत्या अशा चिठ्ठीला फारसा आधार नसतो. शिवाय लग्नाआधी बाईमाणसाकडून असं लिहून घेणं मला तरी शोभत नाही. उपाय एकच : दोघांनी आपापलं मृत्युपत्र करायचं.

आणि इथे अण्णांनी फाइलमधून एक जुना कागद काढला. 2020 मध्ये, पत्नी गेल्यानंतर, त्यांनी मृत्युपत्र केलेलं होतं. सगळं दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं. मुलांना त्याचा पत्ताच नव्हता. वकीलबाई म्हणाल्या, "हिंदूंच्या बाबतीत लग्न केल्याने आधीचं मृत्युपत्र रद्द होत नाही. हे असंच राहिलं तर बाईंना घरातलं काहीच मिळणार नाही." म्हणजे ज्या गोष्टीवरून चार महिने फोन चालले होते, ती भीती मुळात नव्हतीच. अण्णा गप्प बसले असते तरी चाललं असतं. "पण मग त्यांना राहायला कुठे?" अण्णांनी विचारलं. तेवढंच.

मग ठरलं ते असं. अण्णांच्या पश्चात बाईंना हयात असेपर्यंत फ्लॅटमध्ये राहता यावं. त्यांच्यानंतर घर दोन्ही मुलांचं. ऐकायला सोपं, लिहायला अवघड. हिंदू पत्नीला "हयातीपुरता हक्क" दिला आणि तो तिच्या पोटगीच्या हक्कापोटी आहे असं ठरलं, तर त्याच वारसा कायद्याच्या कलम 14 खाली तो पूर्ण मालकीचा होऊ शकतो. तुलसम्मा विरुद्ध शेष रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये तसा निकाल दिला आणि तेव्हापासून कोर्टात यावर सतत भांडणं चालू आहेत. म्हणून वकीलबाईंनी शब्द मोजून घातले. बाईंच्या खर्चापाण्याची तजवीज पैशाने, स्वतंत्र. घरात मात्र मालकी नाही, हिस्सा नाही. फक्त राहण्याचा हक्क. शिवाय अण्णांचं मृत्युपत्र त्यांच्या 40 लाखांपुरतंच बोलू शकतं. मुलांनी आपल्या 10-10 साठी उद्याच वाटप मागितलं तर? तेव्हा दोघांनीही बाईंच्या हयातीत विक्री किंवा वाटप मागणार नाही, असा करार नोंदवून दिला. मुलगा दिवाळीला आला होता, तेव्हाच हे उरकलं. मुलगी कल्याणहून येऊन सही करून गेली. अक्षर फार सुरेख. बोलली कुणाशीच नाही.

बाईंनीही आपलं मृत्युपत्र केलं, अर्धं घर मुलाला. एकाच दिवशी, एकाच टेबलावर.

सोळाशे चाळीस

बाईंना यजमानांच्या कारखान्याची, ईपीएस-95 या कर्मचारी पेन्शन योजनेतली विधवा पेन्शन होती. महिन्याला 1,640 रुपये. या योजनेत विधवेने पुनर्विवाह केला की पेन्शन बंद. आकडा बघून मी म्हणालो, "बाई, एवढ्याचं काय, अण्णा आहेतच." हे माझं चुकलं. त्या ताठ बसल्या. "साहेब, 1,640 हे माझ्या नवऱ्याने 27 वर्षं रात्रपाळ्या केल्या त्याचे आहेत. ते सोडायला मी तयार आहे. पण 'एवढ्याचं काय' म्हणू नका."

मी घरी गेलो, कॅल्क्युलेटर काढला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर 8.2 टक्के होता. 2 लाख 40 हजार रुपये गुंतवले तर वर्षाला 19,680. भागिले बारा : 1,640. एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही. कारकिर्दीत माझा इतका नेमका हिशेब क्वचितच जुळला असेल. अण्णांनी ती रक्कम बाईंच्या एकटीच्या नावावर ठेवायची ठरवलं; व्याज दर तिमाहीला 4,920. पत्नीला दिलेल्या रकमेचं व्याज आयकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, ते अण्णा धरतात. नॉमिनी चाकणचा मुलगा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. केंद्रीय पेन्शनरने निवृत्तीनंतर लग्न केलं तरी ती पत्नी कुटुंब निवृत्तिवेतनाला पात्र असते; सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच यावर निकाल दिला आहे. लग्नाचा दाखला, दोघांचा एकत्र फोटो आणि अर्ज भुसावळला पाठवून पीपीओत बाईंचं नाव घालून घेतलं. अण्णांच्या पश्चात त्यांना मिळेल ती रक्कम किमान 9,000 अधिक महागाई भत्ता. यावरून सिडकोत बोलणी झाली : "पेन्शनशी लग्न केलं." हिशेब म्हणून चुकीचं नाही. मात्र ती पेन्शन सुरू कधी होते, हे बोलणाऱ्यांनी मोठ्याने उच्चारून बघावं.

नोंदणी

लग्न विशेष विवाह कायद्याने, 1954 च्या. 30 दिवसांची नोटीस, ती फलकावर लागते, तीन साक्षीदार. नोटिशीचा फोटो कुणीतरी काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अण्णा म्हणाले, "बरं झालं, पत्रिकेचा खर्च वाचला." फॉर्ममध्ये दोघांच्या नावापुढे 'विधुर' आणि 'विधवा' लिहिलं. 2024 च्या फेब्रुवारीतल्या पहिल्या आठवड्यात सह्या झाल्या. साक्षीदार : मी, अण्णांची सून आणि बाईंचा मुलगा. मुलाने आईकडे एवढंच मागितलं होतं, की बाबांचं श्राद्ध मी चाकणला करीन, तू यायचंस. अण्णा मधेच म्हणाले, "मी पोचवायला येईन." मुक्तिधाम मंदिरात जाऊन आलो, शेजारच्या हॉटेलात मिसळ खाल्ली आणि सगळे घरी गेले.

संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी व्हायची होती. म्हणजे हळदीकुंकवाचे दिवस. संघातल्या बायकांनी बाईंना बोलावलं, कुंकू लावलं, वाण दिलं. त्याच संघात आदल्या वर्षी बाई चहाच्या कपांपाशी उभ्या होत्या आणि करंडा त्यांना वगळून पुढे गेला होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्यावर आमच्याच सभागृहात टाळ्या वाजवून झाल्या होत्या. वाण घेऊन बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "गेल्या वर्षीही मी हीच होते हो."

भांडी

कागदांचं काम आठ महिन्यांत आटोपलं. मला वाटलं, प्रकरण संपलं. मी बँकेचा माणूस. फाइल बंद झाली की संपलं असं मला वाटतं.

अण्णांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक भांड्यावर त्यांच्या पहिल्या पत्नीचं नाव आहे. आपल्याकडे घालतातच. पातेल्यांवर, तांब्यांवर, पोळीच्या डब्यावर, अगदी पळीच्या दांड्यावरसुद्धा बारीक टिंबाटिंबांची अक्षरं : सौ. अमुक, तारीख, कधी कुणाच्या मुंजीत मिळालं ते. बाई सिडकोतून आपली भांडी घेऊन आल्या, त्यांच्यावर पहिल्या यजमानांचं नाव. मे महिन्यात बंगळुरूचा नातू आला. आठ वर्षांचा, नुकताच देवनागरी जुळवून वाचायला शिकलेला. जेवताना मोठ्याने वाचायला लागला. ताटावर एक नाव, वाटीवर दुसरं. "बाईआजी, हे कोण?" बाईआजी हा शब्द त्याचाच, मोठ्यांना काय हाक मारायची ते ठरवता येईना, त्याने पहिल्या दिवशी ठरवून टाकलं. बाई म्हणाल्या, "ते माझे आधीचे यजमान. तुला भाजी वाढू?"

मुलगी मात्र लग्नानंतर जेल रोडला फिरकली नव्हती. सप्टेंबरात तिचा अण्णांना फोन आला : अविधवा नवमीला मी येणार. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला करतात. तिच्या आईचं तेच. "स्वयंपाक मी करीन. तिने त्या दिवशी ओट्याला हात लावायचा नाही."

कुठल्या कायद्यात, कुठल्या मृत्युपत्रात याचं कलम घालणार? वकीलबाईंना विचारण्यासारखं नव्हतं. अण्णा चिडले, मग रडवेले झाले. बाईंनी ऐकून घेतलं आणि आदल्या संध्याकाळी सिडकोला निघून गेल्या.

मुलगी तपोवन एक्स्प्रेसने सकाळी उतरली. घरी पोचली तर वड्यांची डाळ भिजवलेली, तांदूळ निवडून ठेवलेले, आळू, भेंडी, गवार धुऊन फडक्यावर पसरलेली. ओट्यावर तिच्या आईची सगळी भांडी चिंचेने घासून मांडलेली. बाईंच्या घरचं एकही नाही, ती सगळी वरच्या फळीवर. कागदावर बालवाडीच्या मोठ्या, गोल अक्षरात लिहिलेलं : 'गूळ खालच्या डब्यात. शेगडीची डावी बाजू मंद चालते. सवाष्ण म्हणून शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलं आहे, त्या साडेबाराला येतील.'

हे मला अण्णांनी सांगितलं. तो कागद मुलीने फाडला नाही की त्याबद्दल काही बोललीही नाही. स्वयंपाक केला, सवाष्ण जेवली, ओटी भरली, पान ठेवलं. संध्याकाळच्या गाडीसाठी निघताना चप्पल घालता घालता तिने विचारलं, "त्या कधी येणार आहेत?"

अण्णांनी मला हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना 'त्या' या शब्दावर थांबले. तोवर सव्वा वर्ष फोनवर 'ती'च होती.

याहून पुढे तो धागा अजून गेलेला नाही. दिवाळीला मुलगी आली नाही. भाऊबीजेला भावाकडे बंगळुरूला गेली. वरच्या फळीवरची भांडी खाली आली आहेत, पण नवमीला पुन्हा वर जातील असं बाई म्हणतात. त्यांना त्याचं वाईट वाटतं की नाही, ते मला ओळखता येत नाही.

पुन्हा नोव्हेंबर

2024 च्या नोव्हेंबरात अण्णांबरोबर बाईही हयातीच्या शिबिराला आल्या. त्यांना स्वतःचा दाखला आता द्यायचा नव्हता. पिशवीतून व्हॅसलीनची डबी आणि जुन्या धोतराचा तुकडा काढून त्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसल्या. ज्यांचं बोट वाचलं जाईना, त्यांचं बोट पुसून द्यायचं, टेकवून घ्यायचं. सकाळभर एकही दाखला अडला नाही.

अकराच्या सुमाराला पंचेचाळिशीची एक विधवा बसली होती. नवरा करोनात गेलेला. तोच मुलगा, तोच रकाना, तोच मोठा आवाज : "पुनर्विवाह केला आहे का?" बाकांवरची माणसं वळून बघू लागली. ती बाई खाली मान घालून काहीतरी पुटपुटली.

बाईंनी तिचं बोट हातात तसंच धरून ठेवलं आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "बाळा, हा प्रश्न जरा हळू विचारत जा."

मुलगा ओशाळला. पुढच्या वर्षीपासून ते यंत्राचं टेबल आम्ही बाकांपासून लांब, खिडकीपाशी मांडतो.